शेवटच्या शॉटमधली खोली

दार अर्धवट उघडं होतं आणि फोनचा रिसीव्हर टेबलाच्या कडेवरून खाली लोंबकळत होता.

शेजारीणबाईंनी सकाळी एवढंच पाहिलं. आत पाऊल टाकायची त्यांची छाती झाली नाही. त्यांनी जिन्यातूनच पोलिसांना फोन केला आणि मग सगळ्या इमारतीला. त्यामुळे पोलीस पोचायच्या आत बातमी पोचली होती आणि खाली फुटपाथवर कॅमेरे घेऊन दोन वार्ताहर उभे होते.

मॅडम तीन मजले चढून आल्या. पोलीस ठाण्यात त्यांना सगळे मॅडमच म्हणत. घरी त्यांना काही म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. मुलगी परदेशी गेल्यापासून त्या दोन वेळचं जेवण ठाण्याच्या मागच्या खोलीतच उरकत आणि घरी फक्त झोपायला जात. त्यांच्यामागून धापा टाकत हवालदार वर आला. पोट सुटलेला आणि स्वभावाने मऊ अशा या गृहस्थाला चोरांपासून साहेबांपर्यंत सगळे 'मामा' म्हणत.

"मॅडम, आत जायचं का?" मामांनी उंबऱ्यावरच विचारलं.

"मग काय इथूनच पंचनामा करायचा?"

"तसं नाही. पण ती गोष्ट तुम्हाला माहीत असेलच."

गोष्ट शहरात सगळ्यांनाच माहीत होती. दिवेलागणीला फोन वाजतो. पलीकडे एक बाई असते. मऊ आवाजात विचारते, "घरात एकटेच का?" ज्याने 'हो' म्हटलं तो दुसऱ्या दिवशी कुणालाच दिसत नाही. गेली कित्येक वर्षं आया ही गोष्ट सांगून मुलांना जेवू घालत होत्या. आता तिच्यावर सिनेमा निघाला होता, 'दिवेलागणीचा फोन'. शुक्रवारी लागणार होता. शहरभर पोस्टरं लागली होती आणि आज बुधवार होता.

"या घरातच शूटिंग झालं त्याचं," मामा हळूच म्हणाले. "आणि भुताचा आवाजही या घरातल्या बाईंचाच."

मॅडम आत गेल्या.

खोली साधी होती. दारासमोर खिडकी. खिडकीच्या दोन्ही बाजूंना एकसारखी दोन छोटी टेबलं. उजव्या टेबलावर फोन, त्याचा रिसीव्हर लोंबकळता. त्याच बाजूला एक खुर्ची आडवी पडलेली. डाव्या टेबलावर चहाचा कप कलंडलेला, त्याच्याखाली चहाचं वाळलेलं थारोळं. पडद्याला मध्यावर एक गाठ मारलेली.

मॅडम वाकल्या. फोनची तार जमिनीवर मोकळी पडली होती. तिचं सॉकेट भिंतीत होतं ते डाव्या टेबलामागे. तिथून तार उपसून काढलेली दिसत होती.

"मामा, या डाव्या टेबलावर बघा. धुळीत चौकोन दिसतो?"

"दिसतो की. फोनएवढाच आहे."

"म्हणजे फोन रोज इथे असायचा. उजवीकडे तो कुणी नेला आणि कशाला?"

मामांनी छताकडे पाहिलं. त्यांच्या मते उत्तर तिकडे कुठेतरी होतं.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि एक तरुण धावत आत आला. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं एकाआड एक लावलेली. तो नाहीशा झालेल्या बाईंचा भाचा. सिनेमाचा दिग्दर्शकही तोच. खोली पाहून तो जागच्या जागी थांबला.

"हे कुणी केलं?"

"काय केलं?"

"हा आमचा शेवटचा शॉट आहे. पडलेली खुर्ची, कलंडलेला कप, पडद्याची गाठ. बाई नाहीशी होते आणि मागे अशी खोली उरते." तो दोन पावलं आत आला. "हा शॉट अजून बाहेर कुणी पाहिलेलाच नाही. जाहिरातीतही नाही."

मग एकदम काहीतरी आठवल्यासारखा तो स्वयंपाकघरात धावला. मॅडम मागोमाग गेल्या. त्याने फ्रिज उघडला आणि दाराच्या कप्प्यातला डबा बाहेर काढला. तो हातात धरूनच तो खाली बसला.

"तिची इन्सुलिनची इंजेक्शनं," तो म्हणाला. "सगळी इथेच आहेत. मॅडम, आत्या याच्याशिवाय जगणार नाही."

मॅडमनी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. बाईंना शेवटचं कुणी पाहिलं होतं ते सोमवारी दुपारी, शेजारीणबाईंनीच, नीटनेटके कपडे करून जिना उतरताना. म्हणजे शेवटचं इंजेक्शन फार तर सोमवार सकाळचं. डॉक्टर म्हणाले, वय पाहता आज संध्याकाळच्या आत शोधा. त्यानंतर शुद्ध जाईल आणि मग कुणाच्याच हातात काही राहणार नाही.

मॅडमनी फोन ठेवला. भुताखेतासाठी आता सवड नव्हती.

*

"आत्याशी शेवटचं कधी बोललात?"

भाचा स्वयंपाकघराच्या स्टुलावर बसला होता. "पंधरा दिवस झाले असतील."

"भांडण?"

"भांडण नाही. ती फोन करायची. मीच उचलत नव्हतो."

"का?"

तो हातातला डबा फ्रिजमध्ये ठेवून आला. मग म्हणाला, "ती गोष्ट खरी आहे मॅडम. म्हणजे फोनची. आतोबा गेल्यावर आत्या अगदी एकटी पडली. दिवेलागणीला तिला घर खायला उठायचं. मग ती कुठलाही नंबर फिरवायची. कुणी उचलला की विचारायची, घरी कोण कोण आहे, एकटेच का? कुणीतरी दोन मिनिटं बोलावं, एवढंच. लोक घाबरून फोन आपटायचे. पुढे केव्हातरी असा फोन आलेलं एक कुटुंब कुणाला न सांगता घर सोडून गेलं, आणि झाली गोष्ट तयार. आमच्या घरात हे फक्त मला माहीत होतं. तिनेच सांगितलं होतं. हसत हसत."

"आणि तुम्ही त्याचा भुताचा सिनेमा केलात."

"मी तिला म्हणालो होतो, एका एकट्या बाईची गोष्ट करतोय. घर दे, आवाज दे. शेवटच्या शॉटमध्ये पाठमोरी तीच बसली आहे. खुशीत होती शूटिंगभर. सगळ्यांना चहा करून द्यायची." त्याने तोंडावरून हात फिरवला. "मग पोस्टर लागलं. तिने फोन करून विचारलं, 'मी माणसं खाते का रे?' मी फोन ठेवून दिला. त्यानंतर मी फोन उचलले नाहीत."

मॅडमना त्याचा राग आला, आणि त्याहून जास्त त्यांना परदेशातल्या मुलीचा परवाचा न उचललेला फोन आठवला. तो त्यांनीच उचलला नव्हता, कामात होत्या म्हणून. त्यांनी पुढचा प्रश्न जरा चढ्या आवाजात विचारला.

"घरातून काय काय गेलंय ते बघा."

तो उठून हिंडला. पर्स आणि घराची किल्ली नव्हती. वाचायचा चष्मा नव्हता. मग ओट्याकडे पाहून तो म्हणाला, "आणि थर्मासही नाही."

"थर्मास कशाला?"

"आवाज द्यायला जाताना त्यात कोमट पाणी न्यायची. घसा बसू नये म्हणून. पण आवाजाचं काम तर कधीच संपलंय."

मामांनी मान वर केली. मॅडमनी डोळ्यांनीच त्यांना गप्प केलं.

"शूटिंगच्या वेळी या खोलीत कोण कोण होतं?"

"कॅमेरावाला, सामान मांडणारे, दिवेवाले. दहा दिवस आम्ही इथेच ठाण मांडलं होतं. एकेक वस्तू हातानं ठेवलेली. नुसत्या फोनवरून अर्धा दिवस वाद झाला होता."

"आणि शेठ?"

सिनेमात पैसे घातलेल्या माणसाला सगळे शेठ म्हणत. "शेठ पहिल्या दिवशी आले, नारळ फोडून, भाषण करून गेले. पुन्हा फिरकले नाहीत."

*

शेठ आपल्या ऑफिसात टीव्हीसमोर बसले होते. टीव्हीवर त्यांच्याच सिनेमाच्या घराची बातमी चालली होती. त्यांच्या चेहऱ्यावर दुःख होतं, पण ते नुकतंच घालून बसल्यासारखं दिसत होतं.

"फार वाईट झालं," ते म्हणाले. "फारच वाईट. शुक्रवारचे सगळे खेळ भरले."

"तुम्हीच केलंत का हे?"

"मॅडम, काय बोलता! मी बालबच्चेवाला माणूस."

"जाहिरातीसाठी बाईंना चार दिवस कुठे ठेवलं असेल, तर आत्ता सांगा. त्या इन्सुलिनवर आहेत. औषध घरीच राहिलंय. संध्याकाळपर्यंत सापडल्या नाहीत तर तो खून होईल."

शेठचा चेहरा उतरला. या वेळी तो खरंच उतरला. त्यांनी टीव्ही बंद केला.

"मी नाही केलं. शपथ घेतो. मला सुचलंही नसतं."

"खोली अगदी शेवटच्या शॉटसारखी मांडली आहे. तो शॉट तुम्ही पाहिलाय."

शेठ इकडेतिकडे बघू लागले. दार लावलेलं आहे ना याची त्यांनी खात्री करून घेतली. "बाहेर बोलू नका. मी नाही पाहिला."

"स्वतःचा सिनेमा?"

"मध्यंतरापर्यंत पाहिला. पुढे तो फोन वाजायला लागला की मला बसवत नाही. तीन वेळा एडिटरकडे बसलो आणि तिन्ही वेळा बाथरूमला म्हणून उठलो तो थेट घरी गेलो. विचारा त्याला. मला भुताची फार भीती वाटते हो. धंदा म्हणून पैसे घातले."

मामा खिडकीबाहेर बघत खोकत राहिले. मॅडमना मात्र हसू आलं नाही. घड्याळ पुढे सरकत होतं.

*

एडिटरचा स्टुडिओ एका जुन्या इमारतीच्या तळघरात होता. पायऱ्या उतरल्या की उजेड मागे राहायचा आणि रस्त्याचा आवाजही. आत एका मोठ्या पडद्यासमोर तो बसला होता. चाळिशीपुढचा, फिकट, उन्हाची ओळख नसलेला माणूस. बाजूला आणखी एक खुर्ची होती, तिच्यावर एक उशी. मागच्या भिंतीत आवाज मुद्रित करायच्या खोलीचं जाड, गादी लावलेलं दार होतं.

"एकटेच असता इथे?" मॅडमनी विचारलं आणि विचारल्यावर त्यांना स्वतःलाच कसंसं झालं.

"एकटाच. सिनेमा पूर्ण झाला. मदतनीसाला सुटी दिली. शुक्रवारपर्यंत इकडे कुणी येणार नाही."

"बाईंना शेवटचं कधी भेटलात?"

"आवाजाचं काम झालं तेव्हा. आत्याबाई छान बोलायच्या. घाई नाही, नाटक नाही."

"त्यांच्या घरी गेला होतात कधी?"

"नाही. मी शूटिंगला जात नाही. कुठेच जात नाही. लोकांनी काय काय करून आणलं ते इथे बसून बघतो." तो किंचित हसला. "पण त्या खोलीची इंच न् इंच मला पाठ आहे. सात महिने बघतोय."

"काम काय असतं तुमचं? मला यातलं कळत नाही."

या प्रश्नाने त्याचा चेहरा खुलला. हा प्रश्न त्याला फारसा कुणी विचारत नसावं. "दोन माणसं समोरासमोर बोलताहेत असं तुम्हाला पडद्यावर दिसतं. प्रत्यक्षात ती एकमेकांना भेटलेलीही नसतात. एक आज बोलला, दुसरी महिन्याने, तिसऱ्याच गावात. त्यांच्या नजरा मी जुळवतो. जुळल्या की लोकांना वाटतं, हे दोघे सोबत आहेत."

"आणि याआधी?"

"वीस वर्षं लोकांच्या लग्नाचे व्हिडिओ कापून जोडले. अख्ख्या शहराची लग्नं पाहिली आहेत मी. बोलावणं एकाचंही नव्हतं." हे तो तक्रार म्हणून म्हणाला नाही, माहिती म्हणून म्हणाला. "हा पहिलाच सिनेमा. पहिल्यांदा माझं नाव पडद्यावर येणार."

मोरीजवळ दोन कप उपडे घातले होते. त्यांच्याखालचा रुमाल अजून ओला होता. मॅडमनी ते पाहिलं, पण एकटा माणूस आळस करून दोन वेळचे कप एकदम धुतो हे त्यांना स्वतःच्या घरावरून ठाऊक होतं. त्या आभार मानून वर आल्या.

*

उन्हं कलायला लागली होती. गाडी चौकात थांबली आणि समोरच्या भिंतीवर ते पोस्टर दिसलं. पाठमोरी बाई, पांढरा अंबाडा, कानाशी धरलेला रिसीव्हर. बाकी सगळा काळोख.

"मामा, ही पाठ बाईंचीच ना?"

"भाचा तसंच म्हणाला. मला तर पाठसुद्धा बघवत नाही."

पुन्हा तीन मजले. शेजारीणबाई दारातच होत्या. सकाळपासून त्यांनी पाचपन्नास जणांना ही हकीकत सांगितली होती आणि त्यातल्या प्रत्येकाला थोडी जास्त.

"बाईंबद्दल काहीही सांगा," मॅडम म्हणाल्या. "भुताचं नको. रोजचं सांगा."

शेजारीणबाई जरा हिरमुसल्या. "रोजचं काय सांगायचं? साधी बाई. संध्याकाळी दार उघडं टाकून बसायच्या. मी जाता येता हाक मारायची, पण तुम्हाला सांगते, घाईत असलं की माणूस टाळतं. गप्पा सुरू झाल्या की सुटका नसायची. आणि ओरडून बोलावं लागायचं. उजवा कान ठार गेलेला. डाव्या बाजूला जाऊन बसलं तरच ऐकू यायचं."

"उजवा? नक्की?"

"बारा वर्षं शेजारी राहतेय. मला कान कळणार नाही?"

मॅडम सरळ खोलीत गेल्या. जमिनीवरची मोकळी तार उचलली. उजव्या टेबलापासून ती भिंतीतल्या सॉकेटकडे ओढली. खिडकीच्या मध्यापर्यंतच पुरली. मग त्या तिथेच खाली बसल्या आणि दोन्ही टेबलांकडे आळीपाळीने पाहत राहिल्या.

"पोस्टरवरच्या बाईनं रिसीव्हर कुठल्या कानाला लावलाय, मामा?"

मामांनी डोळे मिटून आठवलं, हाताने करून पाहिलं. "उजव्या."

"ऐकू येत नाही त्या कानाला कुणी फोन लावतं का?"

त्या उठल्या. "भाच्याला आणि शेठला उचला. सगळ्यांना स्टुडिओत घेऊन या. आणि डॉक्टरांना सांगा, अॅम्ब्युलन्स तिथेच पाठवा."

*

तळघरात सगळे दाटीवाटीने उभे राहिले. एडिटर आपल्या खुर्चीत होता. मॅडमनी त्याला शेवटचा शॉट पडद्यावर लावायला सांगितला. त्याने लावला. शेठनी डोळ्यांवर हात घेतले.

आधी फोनवर बोलणारी पाठमोरी बाई, मग रिकामी खोली. उजव्या टेबलावर फोन, उजवीकडे पडलेली खुर्ची, डावीकडे कलंडलेला कप. मॅडमनी सकाळी काढलेला फोटो शेजारी धरला. काडीचाही फरक नव्हता.

"दिग्दर्शकसाहेब, तुम्ही म्हणालात, फोनवरून अर्धा दिवस वाद झाला. कसला?"

"मला फोन उजवीकडे हवा होता," भाचा म्हणाला. "पण तार पुरेना. आत्या खरोखर फोनवर बोलायला हवी होती, म्हणून तार काढायची नव्हती. शेवटी डाव्याच टेबलावर ठेवून शॉट घेतला." तो बोलता बोलता थांबला आणि पडद्याकडे बघत राहिला. "पण इथे तर तो उजवीकडे आहे. हो, बरोबर. तो शॉट आम्ही नंतर उलटा केला. आरशात दिसतो तसा. पलीकडचा माणूस ज्या बाजूला बघत बोलतो, आत्याही त्याच बाजूला बघत होती. दोघांच्या नजरा जुळेनात."

"आणि नजरा कोण जुळवतं?"

मामा हळूच सरकून पायऱ्यांच्या तोंडाशी उभे राहिले.

"खोली भुताने मांडली नाही," मॅडम म्हणाल्या. "हा शॉट पाहिलेल्या माणसाने मांडली. पोस्टरवर फक्त पाठ आहे. खुर्ची, कप, पडद्याची गाठ बाहेर कुणालाच माहीत नाही. आता शूटिंगला असलेला कुणीही ती मांडायला गेला असता, तर फोन त्याने डावीकडेच राहू दिला असता. तार पुरत नाही हे त्या वादामुळे प्रत्येकाला ठाऊक होतं. भाचा त्या घरात लहानाचा मोठा झाला, आणि इंजेक्शनांचा डबा मागे ठेवून त्याने आत्याला कुठे नेलं नसतं. शेठनी शेवट पाहिलाच नाही. आत्ताही बघत नाहीत."

शेठनी बोटांच्या फटीतून पाहून मान डोलावली.

"राहिला असा माणूस, ज्याला खोलीची इंच न् इंच पाठ आहे, पण जो त्या खोलीत कधी उभा राहिलेला नाही. त्याला फोन डावीकडे दिसला. वाटलं असेल, बाईंनी नंतर हलवला. त्याने तो 'जागेवर' ठेवला, तार उपसून. कारण त्याच्यासाठी खरी खोली ही, पडद्यावरची. सात महिन्यांपूर्वी ती आपणच उलटी केली हे तो विसरूनही गेला होता."

एडिटर पडद्याकडेच बघत होता. "विसरलो," तो म्हणाला. "खरंच विसरलो."

"बाई सोमवारी चष्मा आणि थर्मास घेऊन निघाल्या. म्हणजे आवाज द्यायला निघाल्या. कुणी बोलावलं?"

"मीच. म्हटलं, थोडं काम राहिलंय." तो शांतपणे बोलत होता. "त्यांनी मला फोन केला होता. म्हणाल्या, तू कापणारा ना, मग मला कापून टाक त्यातून. नाहीतर शुक्रवारी थिएटरच्या दारात उभी राहीन आणि सगळ्यांना सांगेन, ती मीच, मी कुणाला खाल्लेलं नाही. मॅडम, मग कोण घाबरलं असतं? कोण आलं असतं? वीस वर्षांनी माझं नाव येत होतं. शुक्रवारचा पहिला खेळ झाला की मी स्वतः त्यांना घरी सोडणार होतो. काल पर्समधली किल्ली घेऊन खोली मांडून आलो. वाटलं, चार दिवस लोक भुतावर ढकलतील."

"त्या इन्सुलिनवर आहेत."

त्याने पहिल्यांदाच मान वळवली. "म्हणजे?"

"म्हणजे औषध घरी राहिलं तर त्या मरतात."

"पण त्या काही बोलल्या नाहीत." त्याचा फिकट चेहरा आणखी पांढरा पडला. "दुपारपासून झोप झोप म्हणताहेत. पाणी सारखं मागत होत्या. मला वाटलं, थकल्या."

भाचा तोवर जाड दारापाशी पोचला होता. त्याने सगळा जोर लावून ते ढकललं. ते लगेच उघडलं, आणि तो तोल जाऊन आत पडता पडता वाचला.

आत दिवा चालू होता. माइकसमोर आत्या खुर्चीत एका बाजूला कलल्या होत्या. अंगावर कुणीतरी नीट पांघरूण घातलं होतं. मांडीवर एक जाडसर कादंबरी उघडी पडली होती. श्वास खोल आणि भरभर चालला होता. भाच्याने हाक मारली. पापण्या हलल्या, पण डोळे उघडले नाहीत.

पायऱ्यांवरून स्ट्रेचर उतरलं. बाई वर गेल्या, मागोमाग भाचा. मॅडम क्षणभर त्या दारापाशी थांबल्या. आतल्या बाजूने खटका फिरवून पाहिला. तो सहज फिरला.

"कुलूप नव्हतं?"

"आवाजाच्या खोलीला कुलूप नसतं," एडिटर म्हणाला. मामांनी त्याचा दंड धरला होता. "मी नुसतं म्हटलं होतं, बाहेर येऊ नका. मला वाटलं होतं, तासाभरात भांडायला येतील."

*

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरांनी जबाब घ्यायची परवानगी दिली. आत्या उशांना टेकून बसल्या होत्या. हाताला सुई, चेहरा ओढलेला, पण डोळे लखलखीत. शेठनी शुक्रवारचा खेळ पुढे ढकलला होता आणि फुलं पाठवली होती. आणून द्यायला मात्र ते स्वतः आले नव्हते.

मॅडमनी खुर्ची त्यांच्या डाव्या बाजूला ओढली. हे पाहून आत्या पहिल्यांदा हसल्या.

"जबरदस्ती केली का त्याने?"

"छे हो."

"धाक घातला?"

"त्या मुलाला धाक घालता येतो का? त्याने सोमवारीच सांगून टाकलं की काम काही नाही, तुम्ही शुक्रवारपर्यंत इथे थांबा. हात जोडून सांगितलं."

"मग निघाला का नाहीत? दार उघडं होतं. तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत होतं. बाथरूमला जात नव्हते का मी?"

मॅडमनी पेन कागदावर टेकवलं, पण लिहिलं नाही. "आत्याबाई, माझी नोकरी बाजूला ठेवून विचारते. का थांबलात?"

आत्यांनी पांघरुणाची सुरकुती सारखी केली. "मला बसून कंटाळा येईल म्हणून त्याने एक कादंबरी दिली. म्हणाला, मोठ्यानं वाचा, मी बाहेर बसून ऐकतो. कानांना ते मोठे हेडफोन लावून बसला होता. मी पान उलटलं तरी त्याला ऐकू जायचं. मध्येच थांबले तर विचारायचा, पुढे काय झालं? जेवण दोघांचं आणायचा. चहाला बाहेर बोलवायचा. त्याच्या शेजारच्या खुर्चीवर माझ्यासाठी उशी ठेवली होती." त्या जरा थांबल्या. "घरी काय होतं हो?"

"पण औषध? तुम्हाला कळत होतं ना काय होतंय ते?"

"कळत होतं. तहान लागायला लागली तेव्हाच कळलं."

"मग त्याला सांगितलं का नाहीत?"

मागे दारात भाचा येऊन उभा राहिला होता. हातात फ्रिजमधला तो डबा होता. तो आत्याच्या उजव्या अंगाला होता, त्यामुळे त्यांना त्याची चाहूल लागली नाही.

"सांगितलं असतं," आत्या म्हणाल्या, "तर त्याने लगेच घरी नेऊन सोडलं असतं."